गोव्यात सुट्टीसाठी समुद्राकाठचा फ्लॅट भाड्याने बघताय?

पहिल्यांदाच येताय, तर आधी गाव ठरवा, फ्लॅट नंतर. कळंगुट-बाग्याला रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. आईबाबा आणि लहान मुलं सोबत असतील, तर दक्षिणेतल्या शांत बाणावलीकडे बघा. विमानतळही ध्यानात घ्या. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात, दाबोळी दक्षिणेत. मोपाला उतरून दक्षिण टोकाजवळच्या पाळोळ्याला जायचं म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा ओलांडणं आलं.

जाहिरातीतल्या फोटोंवर विसंबू नका. किनारी नियमांमुळे भरतीरेषेलगत नवी पक्की इमारत सहसा होत नाही, त्यामुळे बऱ्याच फ्लॅट आणि समुद्राच्या मध्ये शेत नाहीतर रस्ता असतो. मालकाकडे गेटपासून वाळूपर्यंत चालत जातानाचा सलग व्हिडिओ मागा. मध्ये पायवाट आहे की वाहता रस्ता, आईंना झेपेल का, सगळं कळतं. मालक टाळाटाळ करत असेल तर तो फ्लॅट खुशाल सोडा.

पैसे भरण्याआधी एवढं विचाराच:
- पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का?
- लिफ्ट आहे का, आणि वीज गेली तर ती चालते का?
- अनामत रक्कम कधी परत मिळते?

नवखे हमखास चुकतात ते हंगामात. जून ते सप्टेंबर भाडं उतरतं, पण समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरणं धोक्याचं आणि शॅकही (किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहं) बंद. मुलांना लाटांत खेळायचंय ना? मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, फक्त नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळून.