कोरियन भाषेत एका शब्दात उत्तर देताना विभक्तिप्रत्यय गाळले तर चालतात का?

कर्ता आणि कर्म यांचे प्रत्यय गाळले तर बहुधा चालतात. ‘नुगा वास्सॉ?’ म्हणजे ‘कोण आलं?’ या प्रश्नाला ‘मिन्सुगा’ असे कर्त्याचा ‘गा’ हा प्रत्यय लावून उत्तर देता येते आणि नुसते ‘मिन्सु’ म्हटले तरी भागते, कारण क्रियापद प्रश्नातच येऊन गेलेले असते आणि मिन्सुचे त्याच्याशी असलेले नाते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. मराठीत मात्र ‘कोणी खाल्लं?’ याला ‘राजूने’ असेच म्हणावे लागते. नुसते ‘राजू’ कानाला खटकते.

‘दो’ (सुद्धा) आणि ‘मान’ (फक्त) यांची गोष्ट वेगळी आहे. ते नुसते नाते न दाखवता अर्थात भर घालत असल्याने ‘मिन्सुदो’मधला ‘दो’ गाळल्यास ‘मिन्सुसुद्धा’ हा आशयच नाहीसा होतो.

शिकणाऱ्यांची खरी चूक मात्र प्रत्ययापेक्षा आदरात होते, असे मला वाटते. वडीलधाऱ्यांना नुसते ‘मिन्सु’ हे उत्तर उद्धट वाटते, म्हणून क्रियापद नसले तरी शेवटी ‘यो’ जोडून ‘मिन्सुयो’ म्हणावे. ‘किंबाप’सारखा शब्द व्यंजनान्त असेल, तर ‘इयो’ लागून त्याचे ‘किंबाबियो’ होते.