वाचक विचारतात: वस्तूची गोष्ट कोणी सांगायची?

प्रश्न: आमच्या वाचनालयात तंबाखू आणि बिडी व्यवसायातील जुन्या वस्तूंचे लहानसे दालन उभारण्याचा विचार आहे. सुपे, कात्र्या, पान कापण्याचे पत्रे, तराजू, वखारीतील हिशेबाच्या वह्या असे बरेच काही जमले आहे. परंतु मुलांना संग्रहालयात नेले की ती थोड्याच वेळात कंटाळतात. हल्ली संग्रहालये गोष्टींच्या आधारे सर्व थरांतील लोकांना सामावून घेतात असे ऐकतो. ते कसे साधतात, आणि आमच्यासारख्यांना ते जमेल का?
— वाचनालयाचा एक कार्यकर्ता, निपाणी

उत्तर: आपल्याजवळची सर्वांत मोलाची ठेव या यादीत आलेलीच नाही. ही सुपे मांडीवर घेऊन ज्यांनी उभे आयुष्य काढले, त्या बायका आपल्याच गल्ल्यांत राहत असतील. कामाला तेथूनच सुरुवात करावी. वस्तूखाली सहसा ‘सूप, बांबू, विसावे शतक’ अशी पट्टी लावली जाते. त्यात चूक काही नसते, पण ती वाचून पुढे विचारावे असेही काही उरत नाही. त्याऐवजी भिजवलेले तेंदूचे पान मापाने कापणे, त्यात तंबाखू भरून ते वळणे, दोरा बांधणे आणि तोंड मुडपणे ही सगळी कामे त्या सुपात कशी चालत, मजुरी हजार बिड्यांवर ठरत असताना तपासणीत काही बिड्या नापास झाल्या की त्या दिवसाचा हिशेब कसा कोलमडे, आणि हजाराचा आकडा गाठण्यासाठी घरातल्या लेकींनाही कसे हाताशी घेतले जाई, हे काम करणाऱ्या बाईच्याच शब्दांत लिहिले, तर शाळकरी मूलही त्या सुपापुढे थांबेल आणि घरी जाऊन आजीला दोन प्रश्न विचारील.

अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या फाळणी संग्रहालयात एक फुलकारीचा, म्हणजे पंजाबी भरतकामाचा, कोट आणि एक चामडी ब्रीफकेस आहे. लग्न ठरल्यानंतर फाळणीत ताटातूट झालेल्या आणि पुढे निर्वासितांच्या छावणीत पुन्हा भेटलेल्या दोघांच्या या वस्तू आहेत, हे कळले की फाळणीचे प्रचंड आकडेही माणसाला पेलतात. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाला भेट देणाऱ्यांनाही तेथील दिवे आणि अडकित्ते आठवतात, आणि ‘राजा’ हे दिनकर केळकरांच्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव आहे हेही आठवते.

आपल्या जिल्ह्यातील कित्तूरच्या किल्ल्यात जाणारा प्रेक्षक १८२४ सालचा राणी चन्नम्मांचा लढा मनात घेऊनच आत शिरतो. बिडी वळणारीची गोष्ट अशी आयती मिळत नाही. ती तिच्या दारी बसून, वेळ देऊन विचारावी लागते. शिवाय ती एकच नसते. ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, त्याच तंबाखूची धूळ वखारीतल्या बायकांच्या छातीत गेली. शेतकरी, व्यापारी आणि मजूर या तिघांचे म्हणणे शेजारी शेजारी मांडावे. व्यापाऱ्याने देणगी दिली म्हणून त्याचीच तसबीर मोठी, असे होऊ देऊ नये.

सामावून घेणे म्हणजे ऐकणाऱ्याला सांगण्याचीही जागा देणे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीला १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरवण्यात आले आणि पुढे साठ हजारांहून अधिक लोकांना तेथून हलवण्यात आले. १९९४ साली तिच्या आठवणींचे संग्रहालय उघडले, तेव्हा जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला होता आणि जुने रहिवासी आपापल्या घराच्या जागी नावे लिहीत होते. आपणही निपाणीच्या वखारींचा नकाशा काढावा आणि शेजारी पेन ठेवावे. या कामाला खर्च जवळजवळ नाहीच.

राहिला भाषेचा प्रश्न, जो सीमाभागात पाटीपाशी आला की बघता बघता वाद होतो. बर्लिनच्या काही संग्रहालयांनी २०१५ साली सीरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांनाच वाटाडे म्हणून तयार केले आणि ते अरबीतून माहिती देऊ लागले. आपल्याकडे बिडी वळणाऱ्या बायका मराठी, कन्नड आणि उर्दू बोलतात. प्रत्येकीची आठवण तिच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करावी आणि पट्टीवर बाकीच्या भाषांत सारांश द्यावा. पट्ट्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर असाव्यात. दृष्टिहीनांसाठी एक सूप आणि एक पत्रा हाताळायला मोकळा ठेवावा. आणि बसायला बाक ठेवावेत, कारण उभ्याने ऐकवलेली लांब गोष्ट वयस्कर माणसाला शिक्षाच वाटते.

प्रश्न: गावातील वस्तूंविषयी दोन आज्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कोणती खरी मानून लिहावी?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर: दोन्ही लिहाव्यात, आणि कोणती कोणी, कधी सांगितली याची नोंद ठेवावी. नाव छापायचे की नाही हे सांगणारीनेच ठरवावे. छापण्यापूर्वी मजकूर तिला वाचून दाखवावा आणि तिला नको असलेले वाक्य कुरकुर न करता काढून टाकावे. सण, रुसवे, मुकादमाचा स्वभाव यांविषयी आठवणी जुळल्या नाहीत तर बिघडत नाही. मजुरीचा दर, साल, जमिनीचे माप अशा बाबी मात्र हिशेबाच्या वहीशी किंवा सरकारी कागदाशी ताडून पाहाव्यात, आणि कागद नसेल तर ‘सांगणारीच्या आठवणीप्रमाणे’ एवढे शब्द त्याच पट्टीवर जोडावेत.