‘इतर’च्या वरची ओळ

“ताई, कामात लक्ष लागत नाही म्हणून तीन आठवडे मी माझ्या कामाच्या सवयींची नोंद ठेवली. अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता सोबत पाठवतेय. मीटिंगा दीड तास, मेल एक तास, फोनवर वाया जाणारा वेळ पाऊण तास. ‘इतर’ रोज दोन-अडीच तास, पण ते सोडा, सहकाऱ्यांच्या फाइली बघून देणं वगैरे असतं, कधीकधी मीच विचारते. मुख्य काम म्हणजे तिमाही अहवाल. तो दोनदा लांबला, मॅनेजर नाराज आहेत. नोटिफिकेशन बंद केली, २५ मिनिटांचा टायमर लावून पाहिला. आता पहाटे पाचला उठू का? की एखादं चांगलं ॲप सुचवाल?”

ते मी सोडणार नाही. पहाटे उठायचं नाही आणि ॲपही नको. पाऊण तासाच्या फोनला तू धारेवर धरलंस आणि अडीच तासांना ‘वगैरे’ म्हणून मोकळी झालीस, याचा मला राग आला.

तुझा तक्ता मी दोनदा वाचला. बेरजा तू चोख केल्या आहेस, पण ओळी एकीखाली एक वाचल्या नाहीस. ‘इतर’च्या वरच्या ओळीत काय आहे ते बघ. १५ पैकी ११ दिवस तिथे ‘अहवाल’ आहे. मंगळवार घे. साडेदहाला अहवाल, अकराला इतर. दुपारी तीनला पुन्हा अहवाल, साडेतीनला पुन्हा इतर. मेलनंतर ‘इतर’ जवळजवळ नाहीच, मीटिंगनंतरही नाही. तू अहवाल उघडलास की नेमके तेव्हाच सगळे सहकारी अडतात, असं कसं होईल?

अडतेस तू. आणि अडलीस की वळून विचारतेस, “झालं का तुझं? बघून देऊ?”

ऑफिसात लोकांच्या मागे बसून मिनिटामिनिटाची नोंद घेणाऱ्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनाही हेच दिसलं होतं. कामातले जवळपास निम्मे व्यत्यय माणूस स्वतःच आणतो. मग नोटिफिकेशन बंद करून तुला फरक पडणार तरी कसा? वर, काम अर्धवट टाकून दुसरं हातात घेतलं की मनाचा एक कोपरा मागच्यातच अडकून राहतो. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये प्रयोगांतून ते दाखवलं आहे. म्हणजे सहकाऱ्याच्या फाइलीलाही तू पूर्ण मिळत नाहीस, तेव्हा निदान उपकार करतेय असं तरी मनाला समजावू नकोस.

दुसऱ्याची फाइल सोपी असते गं. चूक लगेच दिसते, दुरुस्त होते, दहा मिनिटांत “वाचवलंस” असा मेसेज येतो. स्वतःच्या अहवालात नेमकं कुठे चुकतंय ते दिसत नाही, आणि चुकला तर नाव तुझं जातं. तिसऱ्या परिच्छेदाशी कर्सर लुकलुकत राहतो, छातीत बारीकसं काहीतरी होतं आणि तू उठतेस. ही भीती आहे. तिला तू लक्ष नसणं म्हणत आलीस. अडीच तास परक्या आकड्यांत डोकं घालून बसणाऱ्या बाईचं लक्ष उत्तम आहे; हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतेय.

आणखी एक गोष्ट तक्त्यात शोधली, ती सापडली नाही. तीन आठवडे तू सगळ्यांचं कच्चं काम पाहिलंस. तुझं कच्चं काम कुणी पाहिलं? एकदाही नाही. बाकीचे अर्धवट फाइल घेऊन बिनधास्त तुझ्याकडे येतात, आणि तू मात्र अहवाल पूर्ण, निर्दोष झाल्याशिवाय कुणाच्या नजरेस पडू द्यायचा नाही असं ठरवून बसली आहेस. म्हणून तो लांबतो.

उद्या सकाळी अहवाल उघड. जिथे हात थांबेल, वळून विचारावंसं वाटेल, तिथेच, त्याच वाक्यावर, फाइल सेव्ह कर. चुकीची बेरीज, अपुरा परिच्छेद, सगळं तसंच राहू दे. ज्या सहकाऱ्याची फाइल तू सगळ्यात जास्त वेळा तपासलीस त्याला ती पाठव आणि सोबत एवढंच लिही: “पाच मिनिटं आहेत का? जरा बघून दे.”