वाचकांचे प्रश्न : आधी एएनएम की थेट बी.एस्सी. नर्सिंग?

प्रश्न : पोरगी बारावी सायन्सला आहे, नर्स व्हायचं म्हणते. गावातले लोक सांगतात, आधी दोन वर्षांचं एएनएम (सहाय्यक नर्स-दाईचा कोर्स) करू द्या, नोकरी लागली की पुढं शिकेल. आमची पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् सोयाबीन. चार वर्षांचा खर्च झेपत नाही असं वाटते. काय करावं?
— एक पालक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, ‘पुढं शिकेल’ इथंच गोम आहे. एएनएमची दोन वर्षं पुढच्या शिक्षणात वजा होत नाहीत. जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) गेली की पुन्हा पहिल्या वर्षापासून तीन वर्षं, अन् त्यावर पदवी हवी तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची (जीएनएमनंतरच्या पदवीची) आणखी दोन. एएनएम धरून झाली 7 वर्षं. थेट बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांत संपते आणि आरएन-आरएम (नोंदणीकृत नर्स व दाई) अशी नोंदणी मिळते. शिवाय एकदा नोकरी, लग्न, लेकरू आलं की पुन्हा होस्टेलवर राहून शिकणं किती अवघड, हे तुम्ही जाणताच.

एएनएमचं काम हलकं आहे असं मुळीच नाही. उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये (लस थंड ठेवायच्या पेटीत) चार आइस पॅक नीट लावणं, बीसीजीची लस कालवल्यावर चार तासांनी उरलेली टाकून देणं, टोचल्यावर लेकराला अर्धा तास थांबवून घेणं, यातली एक गोष्ट चुकली तरी लेकराच्या जिवाशी खेळ होतो. पण एएनएमची वाट मुख्यतः उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि छोट्या दवाखान्यांपर्यंतच जाते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला एएनएम चालत नाही. तिथं बी.एस्सी. लागते, किंवा जीएनएम आणि 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव.

म्हणून आमचा सल्ला थेट बी.एस्सी.चा. दोन वर्षांत घरात पगार आलाच पाहिजे अशी वेळ असेल, तरच एएनएम.

बी.एस्सी.साठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 45 टक्के लागतात (मागासवर्गीयांना 40) आणि इंग्रजीत पास असावं लागतं. राज्य सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यावी लागते. बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नका, तोवर फॉर्मची तारीख निघून गेलेली असते. राखीव गटात असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच कॉलेजमार्फत टाका. या एका कागदापायी प्रवेश अडकू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर, उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024 च्या शासन निर्णयानं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच घ्यायला हवा. मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरून घेतला तर माफी गेली. होस्टेल, मेस, युनिफॉर्मचा पैसा मात्र धरून चाला.

आणि एक कळकळीनं सांगतो : ‘एका वर्षात नर्स’ अशी पाटी दिसली की आत पाऊल टाकू नका. प्रवेशाआधी एवढंच विचारा : कोर्सला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते काय? उत्तर गोलगोल आलं तर उठून या. नोंदणी नसेल, तर ते प्रमाणपत्र कुठल्याच सरकारी भरतीत चालत नाही.

प्रश्न : माझी बारावी आर्ट्समधून झाली, 52 टक्के. आता एएनएमशिवाय मार्ग नाही काय?
— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : आहे. जीएनएमला कोणतीही शाखा चालते, बारावीला 40 टक्के आणि इंग्रजी विषय लागतो. तीन वर्षांत तूसुद्धा आरएन-आरएम होशील, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांची. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या सरकारी नर्सिंग शाळेचा अर्ज आधी भर. तिथं फी कमी, अन् वॉर्डात खरे पेशंट असतात. खाजगी ठिकाणी जायचंच झालं, तर त्यांच्या रुग्णालयात एक दुपार बसून ये. खाटा रिकाम्या दिसल्या, तर तुझा हात शिकणार कुठं?