घरासाठी छोटा बँडसॉ घेताना

बँडसॉ म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची विजेची करवत; तिचं माप चाकाच्या व्यासावरून सांगतात. त्या इंचांवर भुलू नका, आधी लाकूड किती उंच चिरता येतं ते विचारा. ९-१० इंची मशीनमध्ये ही उंची बहुधा ४ इंचांच्या आसपास असते. खेळणी, वळणदार काम यांना तेवढी पुष्कळ. सागाचे जाड तुकडे उभे चिरून पातळ फळ्या काढायच्या असतील, तर सरळ १४ इंची घ्या.

कंपनीचं ब्लेड लगेच बदला, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. वळणाला ६ मिमी रुंद ब्लेड; उभ्या चिरण्याला १२ मिमी आणि इंचाला ३-४ दात, म्हणजे भुसा अडकत नाही. छोट्या मशीनवर याहून रुंद ब्लेड नीट ताणलंच जात नाही. आणि तुमच्या मापाचं ब्लेड जवळपास मिळतं का, हे पैसे देण्याआधी बघा.