फाटे फोडते म्हणून वकील?

प्रश्न : मुलगी बारावीला, कला शाखेत आहे. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांत उत्तम गुण होते, वाचनही भरपूर. घरी प्रत्येक गोष्टीत फाटे फोडते, म्हणून वकिलीला घालायचं ठरवलं. पण क्लॅटच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या) सराव चाचण्यांत युक्तिवादाच्या उताऱ्यांवरचे प्रश्न हमखास चुकतात. दुसरा क्लास लावावा का? ‘आमच्याशी वाद नको, काय घालायचा तो कोर्टात घाल,’ असं तिला बजावलं आहे.
– एक वडील, कोथरूड

उत्तर : क्लास राहू द्या. तुमचं शेवटचं वाक्य मला जास्त काळजीचं वाटतं. ज्यासाठी घरी बोलणी खायची, त्यातच परीक्षेत गुण आणायचे, हे त्या मुलीला कसं जमावं? आणि तिला स्वतःला काय करायचंय, ते पत्रात कुठेच नाही.

तुमचं पत्र हाही एक युक्तिवादच आहे. गुण आणि वाचन ही त्याची भक्कम बाजू. ‘फाटे फोडते, म्हणून वकील होईल’ ही लंगडी, कारण मधला दुवाच नाही.

न पटलेल्या मतावर तुटून पडणं म्हणजे युक्तिवाद तपासणं, हा गैरसमज घरोघरी दिसतो. समजा, उताऱ्यात म्हटलंय : लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांना बंद होता, त्या दिवशी गर्दी वाढली, म्हणून कायम बंद ठेवला तर दुकानांची विक्री वाढेल. वाहनबंदी तुम्हाला आवडते की नाही, हे इथे कोणी विचारत नाही. कोणत्या पर्यायाने हा युक्तिवाद ढिला पडतो, एवढंच विचारलेलं असतं. पुरावा गर्दीचा आहे, निष्कर्ष विक्रीचा. शिवाय एका दिवसावरून ‘कायम’वर उडी आहे. ‘तो दिवस ऐन दिवाळीतला होता’ या पर्यायाने युक्तिवाद ढिला पडतो. ‘दुकानदारांचा विरोध आहे’ याने नाही. विरोध असूनही विक्री वाढू शकते. तुमची मुलगी बहुधा इथेच घसरते. पर्याय खरा मानायचा आणि निष्कर्ष तरतो का ते पाहायचं, एवढंच काम असतं.

क्लॅटच्या 120 प्रश्नांत असे साधारण 22 ते 26 असतात. एमएच सीईटी लॉ (राज्यातल्या विधी महाविद्यालयांसाठी) आणि स्लॅट (सिम्बायोसिसची प्रवेश परीक्षा) हे मार्गही आहेतच.

पण फॉर्म भरण्याआधी तिला एक पान लिहू द्या : बारावीनंतर काय करायचंय आणि का. तुम्ही आधी तिचं सर्वांत सबळ कारण तिला मान्य होईल अशा शब्दांत मांडा, मगच शंका काढा. त्या पानावर कायद्याचं नाव नसेल, तर क्लॅटचा विषय तिथेच थांबवा.