रिपोर्ट वाईट आले म्हणजे देव विसरला का?

प्रश्न: ताई, सलाम. माझ्या मिस्टरांचं मागच्या नाताळापासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, आणि डॉक्टर म्हणतात आता हे कायमचंच. उपासप्रार्थना झाल्या, मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक घरी येऊन प्रार्थना करून गेले. आता काहीजण म्हणतात तुमचाच विश्वास कमी पडतोय, काहीजण म्हणतात देव झेपेल तेवढंच देतो. मला तर झेपत नाहीये. रात्री मी देवाशी भांडते आणि सकाळी अपराधी वाटतं. देव विश्वासू आहे असं मी अजून म्हणू शकते का?
– एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर: ताई, आधी ते ‘झेपेल तेवढंच देतो’ बाजूला ठेवा कारण बायबलमध्ये ते तसं नाहीच. लोक 1 करिंथ 10:13 धरून बोलतात, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, पण तिथे पौल अरण्यातल्या इस्राएली लोकांची मूर्तिपूजा, कुरकुर हे सगळं सांगून अख्ख्या मंडळीला म्हणतोय की मोहात पडायची वेळ आली तर देव सुटायची वाट पण देतो. आजारपणाचं ओझं किती किलोपर्यंत झेपेल याचा तो हिशोब नाही. आणि हाच पौल 2 करिंथ 1:8 मध्ये काय लिहितो बघा, आशियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमी प्रांत) आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडचा भार आला, जगायची पण आशा राहिली नव्हती. म्हणजे पौलाला पण झेपलं नव्हतं हो, आणि त्याने ते लपवलं नाही.

आता भांडण्याचं. बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाचा 3रा अध्याय शांतपणे वाचा, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतात तेवढ्या दोन ओळी नको, पूर्ण 66 वचनं. इ.स.पू. 586 च्या सुमाराला बाबेलवाल्यांनी (बॅबिलोनच्या लोकांनी) यरुशलेम जाळलं, त्याआधी वेढ्यात लोक भुकेने मेले, त्या राखेत बसून हे लिहिलंय. हा माणूस म्हणतो देवाने मला कोंडून टाकलं, मी ओरडतो तर माझी प्रार्थना बाहेरच अडवतो, अस्वलासारखा दबा धरून बसलाय, खडे चावायला लावून माझे दात पाडले. देवाबद्दल बोलतोय तो हे! आणि त्यानंतर 22-23 ला येतं की त्याची करुणा रोज सकाळी नवी होते, त्याचा विश्वासूपणा थोर आहे. आपल्याला वाटतं झालं, आता आनंदीआनंद, पण नाही, 44 व्या वचनात परत तक्रार, तू ढगात लपलास, आमची प्रार्थना आरपार जात नाही. पुस्तक संपतं ते सुद्धा ‘तू आम्हाला टाकलंस की काय’ असं विचारतच. विश्वासाचं वाक्य तक्रारीच्या मधोमध आहे ताई, तक्रार संपल्यावर नाही. तुम्ही रात्री ज्याच्याशी भांडता त्याला सोडून दुसरीकडे गेला नाहीत ना, मग अपराधी कशाला वाटून घ्यायचं?

आणि विश्वास कमी म्हणून बरं होत नाही असं जे सांगतात त्यांचं मला खरंच वाईट वाटतं. केडगावच्या पंडिता रमाबाईंचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? ज्या मनोरमाबाईंच्या हाती त्यांची संस्था, मुक्ती मिशन, सोपवायची होती ती एकुलती एक मुलगी 1921 मध्ये त्यांच्या आधीच गेली. स्वतः थकलेल्या, कानांनी नीट ऐकू येत नव्हतं, तरी बायबलचं मराठी भाषांतर चालूच ठेवलं, पुरं केलं, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या भाषांतरात हे विलापगीत पण आलंच.

मिस्टर बरे होतील का ते मी सांगू शकत नाही, तसं वचन देणाऱ्यांपासून तुम्हीही जरा लांब रहा. पण एक सांगते. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मला मरण दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही, झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. तुम्ही नीट जेवता का? झोप होते का? पुढच्या वेळी मंडळीतलं कोणी विचारलं की प्रार्थनेला कधी येऊ, तर सांगा, डायलिसिसच्या दिवशी या, चार तास यांच्याजवळ बसा, मला जरा झोपायचंय.